डहाणू-तलासरीकडील दोन मुक्काम

ऑस्ट्रेलियांत अॅडलेड शहरीं स्थायिक झालेला आमचा पुतण्या यंदा सहकुटुंब घरीं आला, आणि साठी उलटल्यावर आम्हांस चाकांवरच्या घरांत राहण्याचा योग आला. त्या देशाच्या अंतर्भागांतून पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सुमारें २,७०० किलोमीटर लांबीचा राजमार्ग आहे. निजण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय असलेली 'कॅरॅव्हॅन' घेऊन लोक त्या वाटेनें आठवडेच्या आठवडे हिंडतात. आपल्या राज्य सरकारनेंहि २०२१ सालीं अशा पर्यटनाचें धोरण ठरविलें आहे. पुतण्यानें मुंबईंत तशी एक गाडी भाड्यानें घेतली व म्हणाला, "काका, तिकडच्यासारखा एखादा निर्जन मुलूख दाखवा." आम्हीं डहाणू-तलासरीचें नांव घेतलें. तें घेण्यास एक कारण होतें. तें ओघानें येईलच.

चैत्री पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. मनोर ओलांडून चारोटीच्या पुढें आलों तों महालक्ष्मीच्या यात्रेची गर्दी लागली. डोक्यावर गांठोडें व कडेवर मूल घेतलेल्या वारली स्त्रिया रांगेनें चालल्या होत्या. निर्जन मुलुखाचा आरंभ असा झाला!

पहिला मुक्काम बोर्डीस, समुद्रकांठच्या सुरूच्या बनापासून जवळच, एका बागाइतदाराच्या चिकूच्या वाडींत केला. शेजारच्या घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. सकाळीं कोसबाडची टेकडी चढलों. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस १९४५ सालीं आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य १९५६ सालीं या टेकडीवर आणलें. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनें मुलांच्या अंगणांत जावें, गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणांत भरावें, हा त्यांचा मार्ग. जन्मभर घंटेच्या ठोक्यावर मुलांस वेठीस धरलेल्या आमच्यासारख्या मास्तरानें तेथें मान खालीं घालावी, हेंच योग्य.

दुपारीं तलासरीच्या बाजूस वळलों. सूर्य मावळतां एका पाड्याजवळ एका वृद्ध वारली गृहस्थांस आम्हीं विचारलें, "बाबा, तुमच्या शेताच्या कडेला रात्रभर गाडी उभी केली तर चालेल का?" त्यांनीं मानेनेंच होकार दिला व आंतून बाज आणविली. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. पण तिचा अनुभव त्या दिवशीं आला.

जेवणानंतर सूनबाई गाडीच्या तोटीखालीं भांडीं घांसूं लागली. पाणी मातींत वाहूं लागलें. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढून येणारी त्या घरची सून क्षणभर थांबली व त्या ओघळाकडे पाहत राहिली. पुतण्यानें लगबगीनें तोटी बंद केली. तिकडच्या वाळवंटांत पाणी मोजून वापरावें लागतें, हें तो जाणत होता. उलुरू नांवाच्या ज्या प्रचंड खडकाचें दर्शन त्यानें तेथें घेतलें, तो अनांगू लोकांचें पवित्र स्थान. १९८५ सालीं तो त्यांस परत मिळाला आणि २०१९ पासून त्यावर चढणें बंद झालें. "म्हणजे तोहि मुलूख निर्जन नव्हताच, काका," तो हळूच म्हणाला.

रात्रीं गोष्टी निघाल्या. बाबांचे वडील लग्नगडी होते. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायकोनें सावकाराकडे वर्षानुवर्षें राबावयाचें, ही ती प्रथा. याच तालुक्यांतील झरी गांवीं २३ मे १९४५ रोजीं वारल्यांची परिषद भरली आणि वेठीस नकार देण्याचें बळ लोकांस आलें. पुण्याच्या गोखल्यांच्या घरांत जन्मलेल्या गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत तो वृत्तांत लिहिला आहे. तें पुस्तक आम्हीं वाचलें होतें. तथापि त्यांतील माणसाच्या मुलाच्या बाजेवर आम्हीं कधीं बसलों नव्हतों.

आतां तें कारण. आमचे आजोबा याच भागांत एका सावकाराच्या पेढीवर कारकून होते. वळणदार मोडींत ते कर्जांचे हिशेब लिहीत. घरांत त्यांच्या अक्षराची प्रशंसा होई. त्या अक्षरांनीं काय लिहिलें, हें कोणी विचारीत नसे. रात्रभर आम्हांस झोंप आली नाहीं.

सकाळीं निघतांना आम्हीं बाबांस तें सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग कॉलेजांत जाणाऱ्या नातीकडे बोट दाखवून म्हणाले, "तव्हां आमच्यांत वाचणारं कोणी नव्हतं, गुरुजी. आतां ही वाचते. कागद आला कीं आधीं हिच्या हातांत जातो."

त्यांनीं क्षमा केली असें आम्ही म्हणत नाहीं. तसा शब्दहि निघाला नाहीं. गाडींतलें उरलेलें पाणी आम्हीं त्यांच्या रांजणांत ओतलें व रिकाम्या टांकीनें परतलों. 'निर्जन' हा शब्द मात्र यापुढें कोणत्याहि मुलुखास लावतांना आमची जीभ अडखळेल.