निळ्याचं तांबडं

माणसाला गोड बोलून फसवता येतं, परीक्षानळीला नाही. रसायनशास्त्राच्या कसोट्या फार तुसड्या. आयोडिनचंच घ्या. पिष्ट भेटलं की निळंकाळं व्हायचं, एवढंच त्याला येतं. पण येतं ते चोख! एकादशीच्या साबुदाण्यावर थेंब टाकून पाहा. उपवासाचा म्हणून सवलत नाही. भाकरी, बटाटा आणि साबुदाणा एकाच पंगतीला.

बेनेडिक्टसाहेबांचं द्रावण याहून खट. हे स्टॅन्ली बेनेडिक्ट अमेरिकेतले. त्यांनी १९०८ साली हे निळं द्रावण जाहीर केलं. त्यात मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट. ग्लुकोजबरोबर उकळलं की मोरचुदातल्या तांब्याचा लाल साका खाली बसतो. गंमत म्हणजे चहातली आपली साखर त्यात घाला, द्रावण निळंच्या निळं! साखरेच्या परीक्षेत साखरच नापास.

हे द्रावण आमच्या काकांच्या घरी आलं ते मधुमेहाचं बोट धरून. रक्त तपासायची यंत्रं घरोघरी येण्याआधीची ही गोष्ट. खिडकीत स्पिरिटचा दिवा, नळी आणि निळी बाटली. पाच मिलिलिटर द्रावण, लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. निळं राहिलं तर शाबास! नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल.

लग्नाच्या पंगतीतून आलेले काका जबानी देत, "अगं, एकच जिलबी घेतली." काकू वाद घालत नसत, नळी दिव्यावर धरत. विटेचा रंग आला की एवढंच विचारत, "अहो, एक म्हणजे केवढी?"

आम्ही हसत असू. काकू हसत नसत. काकांच्या थोरल्या भावाचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता. त्यात नळीला बातमी लागे तीही उशिरा. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे ग्लुकोज गेलं, की मग ते लघवीत उतरतं. म्हणून नळी निळी राहिली तरी काकू चहात साखर घालत नसत.

काकांनी एकदा भाच्याच्या पुस्तकातून कायदा शोधून काढला. "हे बघ, साखरेला ही परीक्षा लागूच होत नाही! छापलंय इथं!"

काकूंनी बिनसाखरेचा कप पुढे सरकवला. "बाटलीत लागू नसेल. पोटात गेली की तिचं निम्मं ग्लुकोजच होतं. पुढचं पान वाचा."