गाडीचा पट्टा

आमच्या ओझर गावात पाहुण्यांचा तोटा कधीच नसतो. कुकडी नदीच्या काठी विघ्नहराचे देऊळ आहे. अष्टविनायकांपैकी ते एक. माझे थोरले भाईजान आपली जुनी डिझेल गाडी भाड्याने चालवतात. थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री असे करत यात्रेकरूंना ते फिरवून आणतात. कोणत्या देवळाजवळ गाडी कुठे लावायची आणि चांगला चहा कुठे मिळतो, हे त्यांना तोंडपाठ आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्या गाडीला एक खोड लागली. सकाळी इंजिन सुरू केले की बॉनेटखालून 'चीं चीं' असा आवाज येई. कोणीतरी सांगितले म्हणून भाईजानांनी पट्ट्याला साबण चोळला. दोन दिवस आवाज बंद झाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग एका कारागिराने नवा पट्टा बसवून दिला. आठवड्याभरात आवाज परत आला, तोही पहिल्यापेक्षा मोठा! आणि आता तर सोमवारी पहाटे पुण्याची मंडळी घेऊन पालीला जायचे होते. म्हणजे वाटेत बोरघाट आलाच.

पूर्वी गाड्यांमध्ये वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे पट्टे असत. 1979 साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या मस्टँग गाडीत एकच लांब पट्टा सगळ्या चाकांवरून नागमोडी फिरवण्यात आला. पुढे ही पद्धत जगभर पसरली. आमच्या गाडीतला पट्टाही तसाच. वीज तयार करणारा अल्टरनेटर, इंजिनात पाणी खेळवणारा पंप, स्टिअरिंग हलके करणारा पंप आणि गाडी थंड ठेवणारे यंत्र, एवढ्यांना तो एकटा फिरवतो. काही गाड्यांत पाण्याच्या पंपाला निराळा पट्टा असतो, आमच्या गाडीत मात्र हाच. घाटात तो तुटला तर स्टिअरिंग जड होते, बॅटरी उतरू लागते आणि इंजिन काही मिनिटांत तापते. गाडीत सात माणसे, एका बाजूला दरी! भाईजान त्या दिवशी नीट जेवलेही नाहीत.

"चला, रविवार आहे. आपणच उघडून पाहू," मी म्हणालो.

"तू?" भाईजान हसले. "मास्तर, तुझा हात खडूचा."

ते खरेच होते. कप्पीचा धडा मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला आहे. पण गाडीच्या कप्पीला कधी हात लावलेला नव्हता.

इंजिन थंड होऊ दिले. किल्ली काढून अम्मीजवळ ठेवली आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. पट्ट्याला ताण देणारी एक कप्पी स्प्रिंगच्या दांड्यावर असते. भाईजानांनी पान्याने तो दांडा दाबून धरला, पट्टा सैल पडला आणि मी तो झटकन ओढून काढला. मला फार आनंद झाला. तो आनंद किती महागात पडणार आहे, हे तेव्हा कळले नाही.

पट्टा उलटा वळवून पाहिला. कुठे चीर नाही, तेलाचा डाग नाही. (नव्या प्रकारच्या रबराला झिजूनही चिरा पडत नाहीत, खाचाच खोल होत जातात. म्हणून नुसते वरवर पाहून भागत नाही.) पण आमचा पट्टा खरोखरच चांगला होता. मग एकेक कप्पी हाताने फिरवायला लागलो. अल्टरनेटरची नीट फिरली. पाण्याच्या पंपाची हलवून पाहिली, ती डगमगली नाही. शेवटी एक छोटी, गुळगुळीत कप्पी राहिली. पट्ट्याला वळण देणे एवढेच तिचे काम. ती फिरवली आणि बोटांना खरखर जाणवली, जात्यात खडा यावा तशी. मागे तांबूस भुकटी जमली होती. आतले बेअरिंग संपले होते. पट्टा बिचारा उगाच बदनाम झाला होता.

भाईजान नारायणगावला जाऊन तशीच नवी कप्पी घेऊन आले. ती बसवली. पट्टा हातात घेतला आणि मी थबकलो. तो कोणत्या चाकावरून कसा गेला होता, ते दोघांनाही आठवेना! बॉनेटखालचा नकाशाचा कागद केव्हाच निघून गेला होता. मी एकदा प्रयत्न केला, पट्टा वीतभर सैल राहिला. दुसऱ्यांदा केला, तो पुरेना. ऊन उतरू लागले. भाईजान काही बोलत नव्हते, म्हणून मला जास्तच लाज वाटत होती. काढण्यापूर्वी एक चित्र काढायला किती वेळ लागला असता?

अब्बा ओट्यावर बसून सारे पाहत होते. त्यांनी तीस वर्षे पिठाच्या गिरणीत काम केले. लहानपणी मी दळण घेऊन गेलो की ते ओरडत, "पट्ट्यापासून लांब राहा!" बायकांना पदर आणि ओढणी आवरून घ्यायला लावत. पट्टा घसरू लागला की त्याला राळ लावत. ते उठून गाडीजवळ आले.

"गिरणीत चाक उलटे फिरवायचे असले तर आम्ही पट्ट्याला पीळ देत होतो," ते म्हणाले. "इथे पीळ कुठे आहे?"

"पीळ नाही अब्बा. पट्ट्याची एक बाजू खाचांची आहे, एक सपाट."

"मग चाके बघ ना! खाचांची कोणती, सपाट कोणती?"

मी मोजली. चार चाकांना खाचा होत्या, तीन गुळगुळीत होती. म्हणजे चार चाकांना पट्ट्याचे पोट लागणार आणि तिघांना पाठ. पाठीवर चालणारी चाके उलट दिशेने फिरणार. माझ्या खिशात खडू होताच. ओट्याच्या फरशीवर सात वर्तुळे काढली. चारांत 'पोट' लिहिले, तिघांत 'पाठ'. मग अम्मीकडून सुतळी मागून घेतली आणि वर्तुळांभोवती फिरवू लागलो. तिसऱ्या खेपेला सातही वर्तुळे जमली. भाईजानांनी दांडा दाबला, मी पट्टा चढवला. या वेळी तो नेमका बसला. दांडा त्यांनी सावकाश सोडला. प्रत्येक खाच जागेवर आहे का, हे टॉर्च लावून दोनदा पाहिले.

बॅटरीची तार जोडली. अम्मीने किल्ली दिली. इंजिन सुरू झाले आणि आम्ही चौघेही श्वास रोखून उभे राहिलो. फक्त इंजिनाची घरघर. भाईजानांनी दिवे लावले, पंखा लावला, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवले. तरी आवाज नाही.

"आता जेवायला वाढ," ते अम्मीला म्हणाले.

रात्री मी फरशीवरचे चित्र वहीच्या कागदावर उतरवून घेतले आणि चिकटपट्टीने बॉनेटच्या आतल्या बाजूला लावले. पहाटे फजरच्या अजानच्या सुमारास गाडी निघाली. अब्बा दारात उभे राहून, ती वळणाआड जाईपर्यंत कान देऊन ऐकत होते.