मिलमला रस्ता हवा

हिमालयातल्या शेवटच्या गावांपर्यंत मोटाररस्ता नेऊ नये, असं मी बरीच वर्षं ठणकावून सांगत आले. आमच्या ट्रेकच्या कंपूत या मताला कुणी विरोधच करत नाही. सह्याद्रीत गडाच्या माथ्यापर्यंत गाडी गेली की मागोमाग टपऱ्या, बाटल्या आणि कर्णे येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. तेच गणित मी सरसकट सगळ्या डोंगरांना लावत होते. कुमाऊंतल्या मिलमला जाऊन आल्यापासून मात्र तसं म्हणवत नाही.

मुनस्यारीहून परवाना घेऊन निघायचं आणि लीलम, बुगडियार, रिलकोट, बुर्फू करत गोरी नदीच्या काठाने वर चढत जायचं. मिलम साधारण ३,४०० मीटरवर आहे. आकडा ऐकून हिमालयात मुरलेली मंडळी नाक मुरडतील. पण बुगडियारच्या अलीकडे दरी अशी आवळते की वाट कड्याच्या पोटात कोरून काढावी लागली आहे, आणि खाली गोरीचा इतका घोष की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. दरड कोसळून वाट पुसली गेलेल्या एका घसाऱ्यावरून मी हातापायांवर रांगत पलीकडे गेले. रिलकोटनंतर दरी उघडते, झाडं मागे पडतात, दुपारी तोंडावर वारा सुटतो. जगाच्या टोकाला चाललोय, याचा मला कोण आनंद!

आणि मिलम दिसलं ते पडक्या भिंतींचं. दगडी घरांच्या ओळीच्या ओळी, छपरं बसलेली, काही दारांच्या चौकटींवरचं कोरीवकाम अजून शाबूत. उन्हाळ्यात मोजकी कुटुंबं येऊन बटाटा लावतात आणि थंडीआधी खाली उतरतात. एरवी सीमा पोलिसांचे जवान.

हे गाव जगाच्या टोकाला नव्हतंच कधी. जोहार खोऱ्यातले शौका व्यापारी इथून उंटाधुरा खिंड ओलांडून तिबेटात ग्यानिमाच्या बाजारात जात. जाताना धान्य, गूळ, कापड. येताना मीठ, लोकर, टाकणखार. मेंढ्यांच्याही पाठीवर छोट्या पडशा लादलेल्या असत. याच मिलमचे नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये वेश पालटून, गुपचूप अंतर मोजत ल्हासापर्यंत गेले. पावलं सारखी टाकायची, दर शंभर पावलांना जपमाळेचा एक मणी ओढायचा; त्यासाठी माळ १०८ ऐवजी १०० मण्यांची केलेली. या मोजणीने तिबेटच्या नकाशात ल्हासाची जागा पक्की झाली आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. अशा माणसांच्या गावाला मी ‘अस्पर्श’ समजून आले होते! मी ज्या पायवाटेच्या प्रेमात होते, तीही व्यापाराचाच जुना हमरस्ता.

१९६२ च्या युद्धाने सीमा बंद झाली आणि व्यापार संपला. पोट चालेना म्हणून लोक मुनस्यारीला, हल्द्वानीला गेले, शिकले, नोकऱ्यांत शिरले. आमच्याकडे म्हणतात की रस्ता आला की गाव रिकामं होतं. इथे रस्ता नसतानाच गाव रिकामं झालं होतं.

तरी वाटेत सीमा सडक संघटनेचं काम चालू दिसलं, सुरुंगाचा धमाका ऐकला, तेव्हा मी चिडून आमच्या खेचरवाल्याकडे कुरकूर केलीच. तो म्हणाला, “दीदी, आजोबांच्या घरावर छप्पर घालायचंय. पत्रे खेचरावर आणायचे तर वाकवून बांधावे लागतात. पत्र्याच्या किमतीहून भाडं जास्त होतं.” तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. हिशेब सांगत होता, आणि त्या हिशेबात माझ्या एकांताचा कुठेच रकाना नव्हता.

मला आता रस्ता आवडू लागलाय, असं नाही. तो मुख्यतः लष्करासाठी होतोय, हे उघड आहे. फोडलेला राडारोडा सरळ गोरीत लोटतात, ते पाहून आजही डोकं तापतं, आणि त्याबद्दल भांडायला मी तयार आहे. मात्र ते भांडण रस्ता कसा बांधायचा याचं. बांधायचाच की नाही, हे पुण्याहून सुट्टी काढून येणाऱ्या बाईने ठरवू नये. कंपूतल्या काहींना हे पटलेलं नाही. एकाने तर मला फितूर म्हटलं.

गाड्या आल्यावर खेचरांचं काय, असं मी त्या खेचरवाल्या दाज्यूला विचारलं होतं. त्याचं ठरलेलं होतं: दोन विकायची आणि बोलेरो पिकअपचे हप्ते सुरू करायचे. भरलेली पिकअप अशा चढाला लिटरमागे किती जाईल, असं त्याने उलट मलाच विचारलं.