शिलाँगची धुराडी

मेघालयाची राजधानी शिलाँग सुमारे पाच हजार फूट उंचीवर वसली आहे. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस कोसळतो आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी पडते. जुन्या वस्तीतून हिंडताना पत्र्याच्या उतरत्या छपरांतून डोकावणारी विटांची धुराडी नजरेत भरतात.

१२ जून १८९७ च्या भूकंपात इथल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यानंतर लाकडी चौकट, इक्रा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या लिंपलेल्या भिंती आणि वर पत्रा, अशी हलकी घरे रूढ झाली. भिंतीतल्या शेकोटीसाठी धुराडे मात्र हवेच!

खरी कसोटी या धुराड्याची. पत्रा आणि विटा जिथे मिळतात, तिथून पाणी झिरपते. काजळी ओली झाली की ती विटांच्या सांध्यातला चुना पोखरते. पाइनचे ओले लाकूड जाळले तर आत डांबरासारखा थर साचतो, तो पेटही घेतो. कधी पक्षी घरटेही बांधतात.

म्हणून पाऊस ओसरला की आधी लांब दांड्याच्या ब्रशाने काजळी खरवडून काढावी, सांधे भरावेत, वर पत्र्याची टोपी बसवावी. तुंबलेल्या धुराड्यामुळे कार्बन मोनॉक्साइड खोलीत कोंडतो. त्याला ना रंग, ना वास! झोपलेल्या माणसाला कित्येकदा जागही येत नाही.

थंडीत तिथल्या एखाद्या जुन्या बंगलीत सहकुटुंब उतरलात, तर शेकोटी पेटवण्याआधी एवढे जरूर विचारा, ‘‘धुराडे यंदा साफ केले आहे ना?’’