कणगी आणि शेजार

आमचा खानापूर तालुका स्वयंपूर्ण आहे, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा, भाताची शेते, परसातील विहीर, कणगीत वर्षाचे धान्य. आणखी काय हवे? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात रस्ते बंद झाले, वीज गेली आणि आमचा हिशेब चुकला. भात होते, पण गिरणी बंद. विहीर तुडुंब, पण पाणी गढूळ. मातोश्रींच्या मधुमेहाच्या गोळ्या तर दोनच दिवसांच्या. त्याच गोळ्या घेणाऱ्या कानडी शेजाऱ्यांनी आपल्यातल्या अर्ध्या भिजत आणून दिल्या. आता आम्ही पावसाळ्यापूर्वी मीठ, काडेपेट्या, तांदूळ, औषधे महिनाभराची भरून ठेवतो. परंतु स्वयंपूर्णता मोजताना कणगीबरोबर शेजारही मोजावा लागतो, हे आम्हांस त्याच आठवड्याने शिकवले.