माहूरचा ठराव

कॉलेजातील जुन्या सोबत्यांनी वीस-तीस वर्षांनी कोठे तरी एकत्र जमावे, ही टूम अलीकडे चांगलीच रूढ झाली आहे. हेतू स्नेहाचा असतो; भांडण मात्र स्थळावरून होते. १९९२ साली नांदेडास बी. ए. झालेल्या आमच्या वर्गातही ते झाले. (आमच्या पदव्यांवर औरंगाबादच्या विद्यापीठाचे नाव आहे, नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ १९९४ साली निघाले.)

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रथम गोव्याची सूचना आली, मग हैदराबादची. एका खवय्याने कोल्हापूर सुचविले, ते केवळ तांबड्या-पांढऱ्या रश्शासाठी. पुण्या-मुंबईची मंडळी माणशी वर्गणीचे आकडे टाकीत, आणि त्यावर इतरांचे अंगठे उभे राहत. या गलबल्यात दहा-बारा नावे अगदी गप्प होती. फार तर ‘बघू’, ‘कळवतो’. शिक्षकी पेशामुळे आम्हांस एक खोड जडली आहे: वर्गात कोण बोलत नाही, तिकडे लक्ष आधी जाते. या गप्प मंडळींत किनवटकडे कापूस पिकविणारा एक सोबती होता. त्याच्या वह्यांवर निम्मा वर्ग पास झालेला. पैशाची अडचण आहे, असे पन्नाशी उलटलेल्या माणसाने साऱ्या वर्गादेखत कसे लिहावे? दोघी-तिघी भगिनींची अडचण निराळी. ‘कॉलेजच्या मित्रांबरोबर गोव्यास जाते’ हे वाक्य त्यांच्या घरी उच्चारणेच कठीण.

अशांचा खर्च इतरांनी वाटून घ्यावा, असे एका उदार गृहस्थाने सुचविले. आम्ही त्यास विरोध केला. दुसऱ्याच्या पैशाने आलेला मनुष्य दोन दिवस पाहुण्यासारखा अवघडून बसतो. त्याच्याशी जुन्या बाकावरच्या गप्पा होत नाहीत.

तेव्हा आम्ही माहूर सुचविले. ‘इतके म्हातारे झालो काय?’ म्हणून हशा पिकला. पण माहूर म्हणजे केवळ देवदर्शन नव्हे. पैनगंगेचे खोरे आहे, रानातला किल्ला आहे, पांडवलेणी आहेत. बापाविरुद्ध बंड करून हिंडणारा शहाजहान या मुलखातून गेलेला आहे. दत्तगुरूंची दिनचर्याही प्रसिद्धच आहे: भिक्षेस कोल्हापूर, निद्रेस माहूर. हे ऐकून आमचे कोल्हापूरवाले खवय्ये निम्मे समाधान पावले. शिवाय मुंबईहून नांदेडमार्गे येणारी नंदिग्राम एक्सप्रेस किनवटला थांबते, आणि माहुरास राहण्याचा खर्च कोणासही झेपण्याजोगा. राहता राहिल्या रेणुकेच्या पायऱ्या. त्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात खऱ्या. पण वर गेल्यावर कुटलेल्या विड्याचा तांबूल हाती पडतो.

त्या भगिनींचे उत्तर तासाभरात आले. रेणुकामातेच्या दर्शनास जाते म्हटल्यावर मराठवाड्यातील कोणत्याही घरी दुसरा प्रश्न निघत नाही. एकीच्या सासूबाईच बरोबर निघाल्या होत्या. त्यांना मोठ्या मिनतवारीने थोपवावे लागले.

किनवटचा सोबती दोन दिवस गप्पच होता. तिसऱ्या दिवशी त्याने चार ओळी लिहिल्या. एका दुपारचे जेवण सर्वांनी त्याच्या शेतावर घ्यावे, मात्र तारीख कापसाची वेचणी उरकल्यानंतरची धरावी. त्यापायी दत्तजयंतीच्या गर्दीचे दिवसही आपोआपच टळले.

गोव्याच्या पक्षातील दोघे अद्याप रुसलेले आहेत. त्यांची वर्गणी काल जमा झाली.