उन्हाळ्यातले पुणे, बाबांसह

बाबांना ८४वे वर्ष लागले आहे. आई गेल्यापासून त्यांनी उंबरठा ओलांडणे जवळजवळ सोडलेच होते. "या उन्हात म्हाताऱ्याने जावे तरी कुठे?" या त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिले ते शेजारच्या काकूंनी. "न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालते की! न्या त्यांना टिळक स्मारक मंदिरात."

ऊन उतरल्यावर निघालो. पुढची, पण कडेची खुर्ची धरली. मध्येच उठावे लागले तर संकोच नको. बाबांना कमी ऐकू येते. तरीही वक्त्याची एक चूक त्यांनी मला दोनदा सांगितली, तीही मोठ्याने!

पुढच्या आठवड्यात, सकाळच्या वेळी, राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ केळकरांनी जमवलेला हा ठेवा: दिवे, वाद्ये, अडकित्ते. आम्ही थोडेच पाहिले. जिन्यांशी झुंज कशाला? अडकित्त्यांपुढे मात्र बाबा बराच वेळ थबकले. "हिच्याकडे असाच होता," म्हणाले. कित्येक महिन्यांत आईचा विषय त्यांनी प्रथमच काढला होता.

बारापूर्वी घर गाठायचे होते. तरी आंबा मस्तानीचा मोह आवरला नाही. त्यांना मधुमेह, म्हणून एकच पेला नातीसह तिघांत वाटून घेतला. त्यांच्या वाट्याला चार चमचे. (पन्हे घरचे असले तरी त्यातही गूळ असतोच, हे विसरू नये.)

काल त्यांनी विचारले, "व्याख्यानाला उद्या किती वाजता निघायचे?"